पणजी कोणत्या नाक्यावर हरवली?

हिंगोलीहून वाशीमच्या रस्त्याला लागलं की जिल्हा संपता संपता कनेरगाव नाका येतं. 'नाका' हे गावाचं आडनावच म्हणा. अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे १८५३पासून इंग्रजांच्या हाती गेलेलं वऱ्हाड. मालाची गाडी हद्दीवर आली की निजामाचं जकात खातं आडवं यायचं. त्या खात्याचं नावही कसं झोकदार: करोडगिरी! गंमत अशी की कागदावर वऱ्हाडसुद्धा निजामाचंच होतं. इंग्रजांकडे ते आधी कर्जापोटी गेलं आणि १९०२पासून कायमच्या पट्ट्याने राहिलं. म्हणजे मालकाच्याच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला जकात.

सोयरिकीला मात्र जकात नव्हती. वाशीमकडच्या लेकी मोगलाईत आल्या, हिंगोलीकडच्या वऱ्हाडात नांदायला गेल्या. त्यामुळे या पट्ट्यातल्या कुणी पूर्वज शोधायला घेतले की निम्मं घराणं एका राज्यात सापडतं आणि निम्मं दुसऱ्यात. आणि एक माणूस हमखास सापडत नाही. त्याच्याकडे शेवटी येऊ.

उंबरा न ओलांडता राज्यं बदललेले आजोबा

कनेरगावात १९४०च्या सुमारास जन्मलेला माणूस घ्या. जन्म निजामाच्या संस्थानात. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर तो भारतातल्या हैदराबाद राज्याचा रहिवासी. १ नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्यात. १ मे १९६०ला महाराष्ट्रात. जिल्हा इतके दिवस परभणी, तोही १ मे १९९९ला बदलून हिंगोली. आजोबा तेच, ओसरी तीच, बाजही तीच.

नाक्यापलीकडच्या व्याह्यांची कथा आणखी मजेची. वाशीम एकेकाळी जिल्हा होतं, १९०५मध्ये ते अकोल्यात विरघळलं आणि १ जुलै १९९८ला पुन्हा जिल्हा झालं. शिवाय १९५०च्या दशकात तिकडचे लोक मध्य प्रदेशाचे रहिवासी होते, राजधानी नागपूर. आजोळच्या जुन्या दाखल्यावर 'मध्य प्रदेश' दिसला तर दचकू नका. आजोबा इंदूरहून आले नव्हते.

नाक्यावरून तारनाक्यावर

मोगलाईतल्या पूर्वजांचं जुनं सरकारी दप्तर बघायचं तर मुंबईची गाडी पकडून उपयोग नाही. निजामाच्या दिवाणी आणि महसुली दप्तराचा मोठा साठा हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे, आणि ते आहे तारनाका भागात. कनेरगाव नाक्याच्या माणसाने पूर्वज शोधायला तारनाक्यावर जायचं!

तिथे भाषा आडवी येते. हैदराबाद संस्थानात आधी फारसी होती, १८८४च्या सुमाराला उर्दू आली. गावपातळीवर मोडी. पणजोबा बोलले मराठीत, लिहिले गेले उर्दूत. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, म्हणून एकच आडनाव तीन वाचणारे तीन तऱ्हांनी वाचतात. आडनाव 'कदम' असेल तर निभावतं. लांबलचक असेल तर देव पाठीशी.

भाषा जमली की पंचांग उभं राहतं. निजामाचा कारभार फसली सनावर चाले. महिने आजूर, दै, बहमन असे, सरळ इराणातून आलेले. वर्ष सुरू होई ऑक्टोबरात. हिशेब सोपा आहे: फसली सनात ५९० मिळवा, आणि तारीख जानेवारी किंवा त्यापुढची असेल तर ५९१. निजामाचं राज्य बुडालं ते फसली १३५७. अनेक घरांत या एका वर्षाच्या चुकीमुळे काका पुतण्यापेक्षा लहान ठरलेत.

पैशांचंही तसंच. "आजीच्या लग्नात पाचशे रुपये हुंडा दिला" असं कुणी सांगितलं तर लगेच विचारा, हाली की कलदार? निजामाचा हाली सिक्का वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. नाक्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे व्याही बैठकीला बसले की रुसवे-फुगवे कुठून सुरू होत असतील, याचा अंदाज करा.

हे सगळं पूर्वी फक्त अभ्यासकांचं काम होतं. सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी धुंडाळायला नेमली गेली आणि घरोघरच्या लोकांच्या तोंडी खासरा पत्रक, पाहणी पत्रक, सेतवार, कोतवाल बुक हे शब्द आले. मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. राजकारण काय ते ज्याचं त्यानं बघावं. पण खापरपणजोबांचं नाव काय, हा प्रश्न मराठवाड्यातल्या इतक्या ओसऱ्यांवर एकाच वेळी याआधी कधी विचारला गेला नसेल.

एक जूनचे जुळे

गावाकडच्या साठी ओलांडलेल्या दहा माणसांना वाढदिवस विचारा. निदान चार जण 'एक जून' म्हणतील (ही माझी मोजणी, जनगणनेची नव्हे). शाळा उघडायची जूनमध्ये, तारीख कुणाला ठाऊक नसायची, मास्तर अंदाजाने वर्ष धरायचे आणि १ जून ठोकून द्यायचे. वयाची परीक्षाही ठरलेली: उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरता आला की पोरगं सहा वर्षांचं. लांब हातांची पोरं लवकर शिकली.

खरी जन्मतारीख आजीच्या बोलण्यात असते, फक्त ती उलगडावी लागते. "मानमोडीच्या साली" म्हणजे १९१८. "रझाकारीत मी पोटुशी होते" म्हणजे १९४७-४८. "बहात्तरच्या दुष्काळात, सुकडी खाल्ली तेव्हा." "भूकंपाच्या गणपती विसर्जनाला" म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, इथे तर तारीख वारासकट मिळते. दाखल्यावरच्या एक जूनपेक्षा माझा या कॅलेंडरवर जास्त विश्वास आहे.

दगडू, धोंडू आणि नकुशी

वंशावळीत दगडू, धोंडू, केरबा असं नाव आलं की हसण्याआधी थांबा. आधीची मुलं दगावली की पुढच्याला मुद्दाम टाकाऊ नाव ठेवायचे, म्हणजे दृष्ट लागणार नाही आणि यमालाही मोह होणार नाही. त्या नावाच्या वरच्या ओळीत एक-दोन रिकाम्या जागा असतात, त्यांची नोंद कुठेच नसते. दगडू हे नाव त्या भावंडांची आठवण असतं.

उलट बाजूला नकुशी. तिसरी-चौथी मुलगी झाली की 'नको'. २०११मध्ये सातारा जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली. त्या घरांची वंशावळ कुणी पुढे लिहिली तर जुनं नावही कंसात लिहावं, असं मला वाटतं. घराण्याचा इतिहास म्हणजे नुसता पराक्रम नव्हे.

नातवाला आजोबांचं नाव, ही आणखी एक फजिती. गोविंद रामजी, रामजी गोविंद, गोविंद रामजी... सातबारावरचा गोविंद कितवा, यावर कोर्टात पिढ्या गेल्यात.

बैलावरून येणारी वंशावळ

कागदाआधी माणसं होती. आपल्याकडे भाट येत, घराण्याची पिढी न् पिढी म्हणून दाखवत आणि धान्य, कपडा घेऊन जात. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे हेळवी बैलावर बसून येतात आणि कुळाची नावं सांगतात. तुम्ही विसरला असाल, हेळवी विसरत नाही.

त्र्यंबकेश्वरला गेलात तर तिथल्या तीर्थोपाध्यायांना आडनाव आणि मूळ गाव सांगून बघा. जाडजूड वहीत तुमच्या कुणा पूर्वजाची नोंद निघू शकते, कधी त्याच्या स्वतःच्या हातची. यात्रेला येणाऱ्याने कुटुंबाची नावं लिहून ठेवायची, ही जुनी रीत. मूळ गाव मात्र नीट सांगा. पुण्याच्या फ्लॅटचा पत्ता सांगितलात तर उपाध्याय काय करणार?

बढाया, पण कामाच्या

पूर्वजांच्या कथा सांगायची हौस आपल्याला फार जुनी. हौस कसली, गरज. वतनाचा तंटा उभा राहिला की घराणं आपली हकीकत लिहून देई. तिला करीना म्हणतात. आमच्या मूळपुरुषाने अमुक केलं, तमुक बादशहाने वतन दिलं, चुलत्याने दगा केला. चुलत्याचा दगा बहुतेकदा असतोच. सख्ख्या नात्याला 'भाऊबंद' म्हणायचं आणि त्याच शब्दापासून भांडणाला 'भाऊबंदकी', ही आपल्या भाषेची कमाल आहे. पण याच भांडणांमुळे नावं टिकली. ज्या घरात कधी वाटणीचा दावा झाला नाही, त्याचे पूर्वज शोधणं सर्वांत अवघड.

मावळातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी अशाच कागदांत एक शकावली होती. लोकमान्य टिळकांनी ती १९१६मध्ये प्रसिद्ध केली. तोवर शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष १६२७ धरलं जात होतं. या शकावलीतली नोंद फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका घरातला कागद, आणि आज सगळ्या महाराष्ट्राला त्या तारखेची सुट्टी.

तंजावरच्या सरफोजी राजांनी तर कागदावर भरवसाच ठेवला नाही. १८०३मध्ये त्यांनी भोसले वंशाचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतला, मराठीत, देवनागरीत, तमिळ मुलखात. जगातल्या फार मोठ्या शिलालेखांत तो गणला जातो. वाळवी लागायची सोयच नाही.

मॉरिशसच्या मराठी घरांकडे ना भिंत ना वही. त्यांच्याकडे आहे नंबर. १८३४पासून गिरमिटावर गेलेल्या प्रत्येक मजुराला आकडा मिळाला आणि रजिस्टरात नाव, गाव, जात, वय लिहिलं गेलं. पुढे पुढे फोटोही. ही रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. कोकणातल्या गावाचं नाव फ्रेंच-इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेलं असतं. त्यावरून पणतू इकडे वाडी शोधत येतात.

नामदेवांचं पूर्ण बिऱ्हाड

आता आपल्या जिल्ह्यातलं सर्वांत नामवंत घराणं. नरसीचे नामदेव, जन्म १२७०. जन्मगाव नरसी की पंढरपूर हा वाद विद्वानांना लखलाभ. हिंगोलीकराला विचाराल तर उत्तर एकच. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या या शिंप्याच्या घरातली नावं बघा. वडील दामाशेटी, आई गोणाई, बायको राजाई, मुलं नारा, विठा, गोंदा, महादा. सुनांचीही नावं परंपरेने जपली: लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. बहीण आऊबाई, लेक लिंबाई. घरात राबणारी जनी, आणि तीही स्वतःच्या नावाने अभंग सांगणारी.

माझ्या ओळखीतल्या एकाही घराला साडेसातशे सोडा, शंभर वर्षांमागच्या चार सुना नावानिशी सांगता येत नाहीत.

आणि ते न सापडणारं माणूस

तर, पणजी. तहसिलात द्यायच्या वंशावळीचा कागद बघा: मूळपुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. वाचणाऱ्याला वाटावं, या घराण्यात पुरुषांपासून पुरुष जन्मत होते. गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुकात जन्माची नोंद असते, पण बाळाला तेव्हा नाव नसायचं, म्हणून बापाचं नाव आणि पुढे 'मुलगी' एवढंच. मुलगी मोठी झाली, लग्न झालं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं. माहेरचं नाव तिथेच पुसलं. नाक्याच्या त्या बाजूची सुंदरा या बाजूची लक्ष्मी झाली. दोन्ही बाजूंच्या कागदांत या दोघी एकच आहेत हे सांगणारी ओळ कुठेही नाही.

मुलीचं नाव कागदावर परत आलं ते जमिनीमुळे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४मध्ये केली, देशाने २००५मध्ये. लगेच भावांना बहिणींची पूर्ण नावं पाठ झाली, कारण हक्कसोडपत्रावर सही हवी होती. चला, तेवढं निमित्त तरी.

बायकांनी स्वतःची नोंद वेगळीकडे केली, जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्रभर जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखावर आहे, आणि त्यांत माय, भाऊ, मावळण, माहेरचा गाव अशी सगळी सोयरीक आहे. सरकारी दप्तराला जे जमलं नाही, ते दळता दळता झालं.

आता १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आधी आईचं नाव आणि मग बापाचं लिहावं लागतं. म्हणजे २१२४मध्ये पूर्वज शोधणाऱ्याचं काम निम्मं सोपं. आपल्याला मात्र आपलं काम हातानेच करायचंय. दिवाळीला आत्या माहेरी येईल. फराळाचं ताट पुढे केलं की विचारा, "आत्या, तुझ्या आजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं? आणि ती नाक्याच्या कोणत्या बाजूची?" ती सांगेल ते तिथंच लिहून घ्या. वही नसेल तर कॅलेंडरच्या पाठीवर.