अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत

सांधा किती जोरात दाबायचा, यालाही माप आहे. शिकाऊ डॉक्टरांना सांगितलं जातं की पेशंटच्या सांध्यावर अंगठा टेकवा आणि तुमच्याच नखाचा गुलाबी रंग जाऊन ते पांढरं पडेपर्यंत दाबा. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 4 किलो भरतो. तेवढ्यानं पेशंटला दुखलं, तर तो सांधा दुखरा म्हणून मोजायचा आणि पुढच्या सांध्याकडे वळायचं. असे एकूण 68 सांधे.

सोरायसिस या त्वचारोगाच्या जोडीनं येणारा संधिवात म्हणजे सोरायटिक आर्थ्रायटिस. तो शरीरात किती जोरात आहे हे ठरवण्याचं मुख्य साधन आजही डॉक्टरचा हातच आहे. एमआरआयच्या जमान्यात हे अनेकांना पटत नाही. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकून ठणकत्या सांध्यांनिशी घरी परतणारी माणसं मात्र आजही आहेत. त्यांच्यासाठी ही मोजणी समजून घेणं मला फार गरजेचं वाटतं.

सांधे धरले की आपली पहिली धाव लॅबकडे असते: आरए फॅक्टर, ईएसआर, सीआरपी. यातला आरए फॅक्टर ऱ्हुमॅटॉइड संधिवातात बहुधा पॉझिटिव्ह येतो, सोरायटिक आर्थ्रायटिसमध्ये बहुधा निगेटिव्ह. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते 1930 मध्ये न्यूमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात सापडलं. शरीरात दाह पेटला की ते वाढतं, पण या आजारात जवळपास निम्म्या पेशंटांमध्ये सांधे सुजलेले असूनही ते वाढलेलं दिसत नाही. वाढलेला सीआरपी उपयोगाची माहिती देतो. नॉर्मल सीआरपीवरून आजार थंड आहे असं म्हणता येत नाही.

शिवाय हा आजार एका जागी राहत नाही. बहुतेकांना आधी त्वचेवर चट्टे येतात आणि सरासरी दहाएक वर्षांनी सांधे दुखू लागतात. इतक्या वर्षांचं अंतर पडल्यावर दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येणार? सुमारे 15 टक्के पेशंटांमध्ये तर सांधे आधी आणि त्वचा नंतर. चट्टाही लपून बसतो, कधी बेंबीत, कधी केसांत, आणि वर्षानुवर्षं हट्टी कोंडा म्हणून त्याची बोळवण होते. नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खड्डे पडतात. टाचेला जिथे पोटरीची कंडरा हाडाला चिकटते, तिथे सकाळी पहिलं पाऊल टेकवत नाही. पायाचं एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सारखंच सुजतं आणि जोडवं निघेनासं होतं. पाठीचा कणाही यातून सुटत नाही. त्वचा, नख, सांधा, कंडरेचं टोक, बोट आणि कणा अशा सहा ठिकाणचा दाह एका आकड्यात कसा बसवायचा, हा यातला अवघड प्रश्न.

बराच काळ यासाठी ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची मोजपट्टी उसनी घेतली जात होती. डास-28 हे तिचं नाव आणि ती 28 सांधे मोजते: खांदे, कोपर, मनगटं, हाताच्या बोटांचे मुळाचे व मधले सांधे आणि गुडघे. ऱ्हुमॅटॉइडसाठी ते सोयीचं आहे. पण या यादीत पावलं आणि घोटे नाहीत, नखालगतचा बोटाच्या टोकाचा सांधाही नाही. सोरायटिक आर्थ्रायटिसला नेमका हाच सांधा प्रिय. त्या सांध्यावरून जाणाऱ्या कंडरेचे तंतू थेट नखाच्या मुळाशी जाऊन भिडतात, त्यामुळे नख आणि तो सांधा अनेकदा एकत्रच बिघडतात. ज्याची फक्त पावलं सुजली आहेत, त्याच्या सांध्यांची गणती उसन्या पट्टीवर शून्य येऊ शकते. त्याच्या वेदनेला कागदावर जागाच उरत नाही.

म्हणून 68 सांधे दुखण्यासाठी तपासायचे आणि 66 सुजेसाठी. दोनाचा फरक खुब्यांचा आहे, कारण खुबा इतका खोल असतो की त्याची सूज बोटांना लागत नाही. व्हिएन्नातल्या संधिवाततज्ज्ञांनी 2010 मध्ये या गणतीवर डाप्सा नावाचा निर्देशांक पारखून पुढे आणला. दुखरे सांधे, सुजलेले सांधे, वेदनेला पेशंटनं 0 ते 10 मध्ये दिलेले गुण, एकूण आजाराला त्यानंच दिलेले गुण आणि सीआरपी यांची सरळ बेरीज म्हणजे डाप्सा. समजा 6 सांधे दुखरे, 3 सुजलेले, वेदना 5, एकूण त्रास 6 आणि सीआरपी 1.2. बेरीज 21.2. चारपर्यंत आजार शांत, 14 पर्यंत सौम्य, 28 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. आपलं हे उदाहरण मध्यम गटात पडलं. एक खबरदारी मात्र हवी. डाप्सात सीआरपी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये धरतात, तर आपल्याकडच्या बऱ्याच लॅब तो प्रति लिटर देतात. रिपोर्टवरचा 12 हा आकडा दहानं न भागता घातला, तर याच पेशंटची बेरीज 32 होईल आणि तो कारण नसताना तीव्र गटात जाईल.

डाप्सातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की पाचपैकी दोन आकडे पेशंट स्वतः देतो. पण त्वचा आणि टाच या बेरजेत येत नाहीत. ती उणीव भरून काढते ती 2010 मध्येच लॉरा कोट्स, फिलिप हेलिवेल आणि सहकाऱ्यांनी मांडलेली किमान आजाराची कसोटी. तिच्यात बेरीज नाही, सात अटी आहेत. दुखरा सांधा फार तर एक, सुजलेलाही फार तर एक, कंडरेच्या टोकाची दुखरी जागा फार तर एक. वेदना शंभरात 15 च्या आत, एकूण त्रास 20 च्या आत, दैनंदिन कामांतल्या अडचणींचा गुण 3 पैकी 0.5 च्या आत आणि चट्टे त्वचेच्या 3 टक्क्यांहून जास्त नकोत. पेशंटचा पंजा बोटांसकट म्हणजे अंदाजे 1 टक्का त्वचा, त्यामुळे हे मापही हातानंच होतं. सातपैकी पाच अटी पुऱ्या झाल्या की आजार आटोक्यात आला असं मानतात. चट्ट्यांची तीव्रता ठरवताना डॉक्टर लाली बघतात, पण सावळ्या त्वचेवर ती लाल न दिसता जांभळट किंवा तपकिरी दिसते आणि आजार आहे त्यापेक्षा कमी वाटू शकतो. आपल्या देशात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

एवढी मोजामोज करून पेशंटच्या पदरात काय पडतं? ब्रिटनमध्ये 206 पेशंटांवर झालेल्या टायकोपा चाचणीत हे तपासलं गेलं. अर्ध्या पेशंटांना नेहमीसारखं 12 आठवड्यांनी बोलावलं. उरलेल्यांना दर 4 आठवड्यांनी बोलावून वरच्या सात अटी तपासल्या आणि पाच पुऱ्या होत नसतील तर औषध वाढवलं. 48 आठवड्यांनंतर ठरावीक सुधारणा गाठणारे पहिल्या गटात सुमारे 45 टक्के होते, दुसऱ्यात 62 टक्के. 2015 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या या निकालाची दुसरी बाजूही सांगायला हवी. काटेकोर मोजणीच्या गटात गंभीर दुष्परिणाम 14 जणांना झाले, नेहमीच्या तपासणीच्या गटात 6 जणांना. एक्स-रेमध्ये त्या काळात दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

शिवाय दुखरा सांधा म्हणजे दाह, असं समीकरण नेहमी जुळत नाही. काही पेशंटांना याच्याबरोबर फायब्रोमायल्जिया असतो. त्यात मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेशच तीव्र होतात, म्हणून कुठेही दाबलं तरी दुखतं. वेदना खरीच असते, पण सूज नसते. अशा वेळी डाप्सा फुगतो आणि दाहावरची महागडी इंजेक्शनं वाढवूनही गुण येत नाही. सोनोग्राफीतला पॉवर डॉप्लर इथे मदतीला येतो, कारण दाह असलेल्या जागी वाढलेला रक्तप्रवाह पडद्यावर दिसतो.

दैनंदिन कामांचा जो गुण वर आला, तो हॅक नावाच्या प्रश्नावलीतून मिळतो. स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राइज यांच्या गटानं ती 1980 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात बाथटबमधल्या अंघोळीबद्दल आणि मोटारीचं दार उघडण्याबद्दल विचारलेलं आहे. भिगवणच्या शेतकऱ्याला हे प्रश्न विचारून काय कळणार? दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी ऱ्हुमॅटॉइडच्या पेशंटांसाठी तयार केलेली भारतीय आवृत्ती 2002 मध्ये आली. तिच्यात संडासात उकिडवं किंवा जमिनीवर मांडी घालून बसणं, साडी किंवा धोतर नेसणं, रिक्षात चढणं-उतरणं, भाजी आणायला बाजारात जाणं अशी कामं आहेत. प्रत्येक कामाला 0 ते 3 गुण. त्रास नाही तर 0, अजिबात जमत नाही तर 3.

मूळ हॅकमध्ये एक नियम आहे. काम थोड्याच त्रासात होत असलं, तरी त्यासाठी दुसऱ्याचा हात लागत असेल तर त्या गटाला किमान 2 गुण द्यायचे. डब्याचं झाकण मुलगा उघडून देतो, ब्लाउजचे हुक सून लावते, जमिनीवरून उठताना नवरा हात देतो. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ‘काही अडतं का?’ असं विचारलं तर बाई ‘नाही’ म्हणते. म्हणून लगेच पुढचा प्रश्न विचारावा लागतो: हे सगळं तुमचं तुम्ही करता, की कुणी मदत करतं?