हाड काढायचं, पाय ठेवायचा

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर मुख्यतः वाढत्या वयातल्या मुलांना गाठतो आणि जवळजवळ निम्म्या वेळा गुडघ्यालगतच होतो. १९७०च्या दशकापर्यंत त्यावर उपाय होता तो पाय कापण्याचा. पुढे केमोथेरपी आणि एमआरआयने चित्र पालटलं. आज परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत बहुतेक रुग्णांचा पाय वाचतो.

त्यासाठी गाठीला सुरीचा स्पर्शही होऊ द्यायचा नसतो. निरोगी स्नायूंच्या आवरणासकट, बायॉप्सीच्या सुईच्या वाटेसकट ती अखंड काढतात. गुडघ्यामागची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा आधी सोडवून बाजूला घेतात. मग एमआरआयवर मोजून ठरवलेल्या जागी करवत चालते आणि उरलेल्या हाडातल्या मज्जेचा नमुना तातडीने तपासायला जातो.

काढलेलं हाड मोजून तेवढ्याच लांबीचे धातूचे भाग जोडले जातात. पक्का सांधा बसवण्याआधी चाचणीचा सांधा लावून गुडघा वाकवून पाहतात आणि घोट्याजवळ बोट ठेवून नाडी चाचपतात. लांबी जास्त झाली, तर ताणलेल्या रक्तवाहिनीतून रक्त नीट जात नाही.

सगळं जमलं की बोन सिमेंट कालवतात. पूड आणि द्रव एकत्र आले की काही मिनिटांतच ते दगडासारखं घट्ट होतं. तेवढ्या वेळात सांध्याचा दांडा हाडाच्या पोकळीत सरळ बसवून स्थिर धरावा लागतो. गुडघ्याचे मूळ अस्थिबंध गेलेले असल्याने सांध्याला बिजागरी असते. ती वाकते आणि थोडी फिरतेही.

नडगीचं वरचं टोक काढलं असेल, तर काम अधिक जिकिरीचं. वाटीखालचा स्नायुबंध सांध्याला शिवायचा आणि पोटरीचा स्नायू वळवून धातू झाकायचा.

परदेशी सांधे महाग. म्हणूनच आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने देशी सांध्यावर केलेलं काम मोलाचं आहे.

अशा कृत्रिम गुडघ्यावर चालता येतं, जिना चढता येतो. मात्र उकिडवं बसणं, धावणं, उड्या मारणं टाळावं लागतं. जंतुसंसर्गाची धास्ती कायम असते, आणि बिजागरीतलं प्लॅस्टिक झिजलं की ते बदलावं लागतं.

इकडे काढलेल्या हाडाचे काप पॅथॉलॉजिस्ट तपासत असतात. ९० टक्के किंवा अधिक गाठ मेलेली आढळली, तर शस्त्रक्रियेआधी दिलेल्या केमोने चांगलं काम केलं असं मानतात. जखम भरली की उरलेली केमो सुरू होते.