मॉर्मन लोकांचा धर्म आणि पूर्वजांची नावे

अमेरिकेच्या पश्चिम भागात यूटा नावाचे राज्य आहे. तेथे दरवर्षी २४ जुलैला सार्वजनिक सुट्टी असते. १८४७ साली याच तारखेला ब्रिगहॅम यंग नावाचे पुढारी आपल्या अनुयायांसह सॉल्ट लेकच्या उजाड खोऱ्यात येऊन पोचले. पुढील वीस वर्षे हजारो कुटुंबे त्याच वाटेने आली. बहुतेक बैलगाड्यांनी, आणि ज्यांना बैल परवडत नव्हते ती हातगाड्या ओढीत. वाटेत पुष्कळ माणसे थंडीने आणि आजाराने दगावली. आपणही २ नोव्हेंबरला पूर्वजांच्या आगमनाचा दिवस पाळतो. परमुलखात येऊन वसलेल्या लोकांनी पोचण्याची तारीख का जपावी, हे मॉरिशसच्या मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

या लोकांना जग मॉर्मन म्हणते. त्यांच्या संस्थेचे खरे नाव ‘उत्तरकालीन संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी’ असे आहे आणि २०१८ पासून तिचे नेते पूर्ण नावच वापरावे असा आग्रह धरीत आहेत. वाचकांच्या सोयीसाठी आम्ही येथे रूढ नाव ठेवले आहे. जगभर या मंडळीचे १ कोटी ७० लाखांहून अधिक सभासद आहेत.

ख्रिस्ती धर्म आपल्याला परका नाही. शेजारी कॅथलिक आहे, गावात देऊळ आहे तसे चर्चही आहे, आणि पेर लावाल यांच्या समाधीवर सप्टेंबरात मेणबत्ती लावणाऱ्यांत हिंदूही असतात. पण मॉर्मन लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात आणि कॅथलिक चर्च मात्र त्यांचा बाप्तिस्मा मानीत नाही. २००१ साली व्हॅटिकनने तसा स्पष्ट निर्णय दिला. उलट मॉर्मनांकडेही दुसऱ्या कोणत्याही चर्चचा बाप्तिस्मा चालत नाही. त्यांच्यात येणाऱ्या कॅथलिकाला पुन्हा पाण्यात उतरावे लागते. येशूचे नाव दोघेही घेतात, मग हा दुरावा कशाचा? तो समजून घेतला, म्हणजे दाराशी आलेल्या धर्मप्रचारकाशी काय बोलावे हेही आपले आपल्याला ठरविता येईल.

नवा ग्रंथ, नवा संदेष्टा

या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचा जन्म १८०५ साली व्हरमाँट राज्यात एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्क राज्यात राहावयास गेले. त्या भागात तेव्हा निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांची मोठी चढाओढ चालली होती. यातला खरा पंथ कोणता, असा प्रश्न मनात घेऊन चौदा वर्षांच्या जोसेफने १८२० साली रानात जाऊन प्रार्थना केली आणि त्याला देवपिता व येशू असे दोघे दिसले, असे मॉर्मन मानतात. कोणत्याच पंथात जाऊ नकोस, असे त्याला सांगण्यात आले. पुढे मोरोनी नावाच्या देवदूताने एका टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांची जागा दाखविली. त्यांवरील मजकुराचे भाषांतर म्हणून १८३० साली ‘मॉर्मनचा ग्रंथ’ छापला गेला आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला मंडळीची स्थापना झाली.

या ग्रंथात ख्रिस्तापूर्वी सुमारे ६०० वर्षे जेरुसलेम सोडून अमेरिकेत आलेल्या एका कुटुंबाची आणि त्याच्या वंशजांची कथा आहे. पुनरुत्थानानंतर येशू अमेरिकेतही प्रकट झाला, असे त्यात सांगितले आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना या इतिहासाला आधार सापडलेला नाही. श्रद्धावान मॉर्मन मात्र त्याला देववाणीच मानतो.

पहिला मोठा फरक येथेच पडतो. इतर ख्रिस्ती पंथांच्या मते बायबल पूर्ण झाले आहे आणि त्यात भर घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. मॉर्मनांच्या मते येशूच्या पहिल्या शिष्यांनंतर खरा धर्माधिकार पृथ्वीवरून नाहीसा झाला होता व तो स्मिथ यांच्या हस्ते परत आला. म्हणून बायबलच्या जोडीला ते आणखी तीन ग्रंथ मानतात, आणि मंडळीचा अध्यक्ष हा आजचा जिवंत संदेष्टा असतो. म्हणजे देवाचे बोलणे अजून संपलेले नाही.

देव एक की तीन?

दुसरा फरक देवाच्या स्वरूपाचा, आणि वादाचे खरे मूळ तेच आहे. कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, सारेच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांना एकच देव मानतात. ३२५ साली नायसिया येथे भरलेल्या धर्मसभेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरविले. मॉर्मन हा निर्णय स्वीकारीत नाहीत. त्यांच्या मते हे तिघे वेगवेगळे आहेत. त्यांचा हेतू एक आहे, तत्त्व एक नाही. शिवाय देवपित्याला मांसाचे आणि हाडांचे, पण अमर असे शरीर आहे. स्वर्गात पित्याबरोबर माताही आहे, असेही ते मानतात. मात्र तिची प्रार्थना करीत नाहीत.

माणसाबद्दलची त्यांची कल्पनाही निराळी आहे. प्रत्येक जीव जन्मापूर्वी देवाचे लेकरू म्हणून त्याच्याजवळ होता आणि अनुभव घेण्यासाठी तो पृथ्वीवर आला. हे ऐकून आपल्याला पुनर्जन्माची आठवण होईल, पण ती गल्लत करू नये. पृथ्वीवरचा जन्म त्यांच्या मते एकदाच. मृत्यूनंतर स्वर्गाच्या तीन पायऱ्या आहेत, आणि सर्वांत वरच्या पायरीवर पोचलेली माणसे पुढे देवासारखी होऊ शकतात. इतर ख्रिस्ती धर्मपंडितांना हे पटत नाही. निर्माता निराळा आणि त्याने निर्माण केलेला माणूस निराळा, ही रेषा त्यांच्या मते कधीच पुसली जात नाही.

आदामाचे पाप बाळाला चिकटते, हेही मॉर्मन मानीत नाहीत. म्हणून तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा नाही. मूल आठ वर्षांचे झाले म्हणजे त्याला पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. त्यांच्या देवळांवर सहसा क्रूस दिसत नाही. रविवारच्या प्रभुभोजनात भाकरीबरोबर द्राक्षारस नसतो, साधे पाणी असते. गावचा धर्माधिकारी पगारी नसतो. कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, आपला व्यवसाय सांभाळून ते काम पाहतो.

आचार आणि इतिहास

आचाराच्या बाबतीत हे लोक मोठे कडक आहेत. दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य. सकाळच्या चहावाचून ज्यांचा दिवस सुरू होत नाही, अशा आपल्या घरांना हा नियम जड वाटेल. उत्पन्नाचा दहावा भाग मंडळीला द्यावयाचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळांचा उपवास करून वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यावयाचे. उपवास आपल्याला नवा नाही. पण उपवासाच्या फराळाला जेवणापेक्षा जास्त खर्च येतो अशी ज्यांच्याकडे रीत आहे, त्यांनी हा हिशेब जरूर पाहावा! तरुण मुलगे दोन वर्षे व मुली दीड वर्ष धर्मप्रचाराला जातात, तेही बहुधा स्वतःच्या किंवा घरच्या खर्चाने.

इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या पंथाचा छळ झाला हे खरे. १८३८ साली मिसूरीच्या राज्यपालाने मॉर्मनांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर त्यांचा नायनाट करा, असा हुकूम काढला. तो रीतसर रद्द व्हायला १९७६ साल उजाडले. १८४४ साली इलिनॉय राज्यात जमावाने तुरुंगात शिरून जोसेफ स्मिथ आणि त्यांचे बंधू हायरम यांना गोळ्या घालून मारले. पण या पंथाने स्वतः केलेल्या गोष्टीही लपून राहिलेल्या नाहीत. १८५२ साली बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार झाला. १८९० साली मंडळीने ते थांबविल्याचे जाहीर केले, आणि आज तसे करणाऱ्याला मंडळीतून काढून टाकतात. काळ्या वर्णाच्या पुरुषांना धर्माधिकार देण्यास १९७८ पर्यंत बंदी होती. ज्यांचे पूर्वज वर्ण पाहून मळ्यावर राबविले गेले, त्या आपल्यासारख्यांनी ही तारीख विसरू नये.

मृतांसाठी बाप्तिस्मा

आता आम्ही त्या गोष्टीकडे येतो, जिचा आपल्या घराशी थेट संबंध येतो.

मॉर्मनांच्या मते बाप्तिस्म्यावाचून पूर्ण उद्धार नाही, आणि कुटुंब मृत्यूनंतरही तुटत नाही. मग जे पूर्वज हा धर्म ऐकण्याआधीच मेले, त्यांचे काय? यावर १८४० साली स्मिथ यांनी उपाय सांगितला: वंशजाने पूर्वजाच्या नावाने स्वतः पाण्यात उतरावे. बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्रात मृतांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा उल्लेख आहे, त्याचा ते आधार देतात. हा विधी सभासदांखेरीज कोणालाही प्रवेश नसलेल्या मंदिरात होतो. परलोकातील जीवाला तो स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची मोकळीक असते, असे ते सांगतात. इतर बहुतेक ख्रिस्ती पंथांत हा विधी नाही.

त्यासाठी पूर्वजाचे नाव लागते, जन्माची तारीख व गाव लागते. म्हणून या लोकांनी १८९४ साली वंशावळीची संस्था काढली, १९३८ पासून जगभरची दप्तरे सूक्ष्मफितींवर उतरवून घेतली आणि सॉल्ट लेकजवळच्या डोंगरात ग्रॅनाइटचा खडक कोरून त्या जपून ठेवल्या. अशा सुमारे २४ लाख फिती होत्या. संगणकासाठी त्यांच्या प्रती काढण्याचे काम २०२१ साली पुरे झाले. बहुतेक नोंदी कोणत्याही धर्माच्या माणसाला घरबसल्या फुकट पाहता येतात. ही जगाची फार मोठी सेवा आहे, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो.

परंतु हीच गोष्ट दुसऱ्यांच्या जिव्हारीही लागली. हिटलरच्या छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावांनी हे बाप्तिस्मे होत असल्याचे उघड झाले, तेव्हा ज्यू समाज संतापला. जे ज्यू म्हणून मेले, त्यांना मेल्यावर दुसऱ्या धर्मात का नेता, हा त्यांचा सवाल होता. १९९५ साली करार होऊन असे करणे थांबवायचे ठरले. पुढेही काही प्रकार घडले आणि २०१२ साली मंडळीला माफी मागावी लागली. सभासदांनी फक्त स्वतःच्या पूर्वजांचीच नावे द्यावीत, असा तिचा नियम आहे. व्हॅटिकननेही २००८ साली आपली बाप्तिस्म्याची दप्तरे या संस्थेला देऊ नयेत, अशी सूचना केली.

आम्हांला यात दोन्ही बाजू समजतात. भाद्रपदात आपणही तीन पिढ्यांची नावे घेऊन तर्पण करतो. मेलेल्यांचे जिवंतांवर ऋण असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण श्राद्धात आपण पूर्वजांना अन्न, पाणी आणि आठवण देतो; त्यांचा धर्म बदलत नाही. पांडुरंगाचे नाव घेत ज्या आजीने डोळे मिटले, तिच्या नावाने दुसऱ्या धर्माचा विधी व्हावा की नाही, हे तिच्या घरातल्यांनी ठरवावयाचे आहे. कोणी प्रेमाने विचारले, तर तितक्याच प्रेमाने नाही म्हणता येते. तसेच एखाद्या घरातला मुलगा समजून उमजून त्या पंथात गेला, तर तोही त्याच आजीचा नातू राहतो. त्याला उंबऱ्याबाहेर काढून आजीची सेवा होत नाही. यूटात तरी हे शेजारपण नांदते आहे. सॉल्ट लेकजवळ साउथ जॉर्डन या गावी आपल्या गणपतीचे मंदिर आहे, आणि स्पॅनिश फोर्क येथील राधाकृष्ण मंदिराच्या रंगोत्सवात रंग खेळायला येणाऱ्यांत मॉर्मन तरुणांचाच भरणा असतो.

मात्र एका बाबतीत आम्हांला त्यांचा हेवा वाटतो. तेथील बारा वर्षांच्या मुलांनाही पणजोबांच्या मागची नावे ठाऊक असतात. आपल्यात किती घरांत हे सांगता येईल? रत्नागिरीकडचे, साताऱ्याकडचे, एवढेच आपण ऐकून असतो. मुंबईहून जहाजात चढलेल्या माणसाचे नाव कारकुनाने कानाला पडले तसे लिहिले. आडनाव गळाले, वडिलांचे नाव आडनाव झाले. पण मोका येथील महात्मा गांधी संस्थानात या आगमनाची मूळ दप्तरे आहेत. आप्रवासी क्रमांक, गाव, जात, वय आणि काहींची छायाचित्रेही तेथे सापडतात. जुन्या पेटीत एखादा कागद असेल, तर त्यावरचा क्रमांक घेऊन तेथे जावे. घरात ऐंशीच्या पुढचे कोणी माणूस असेल, तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे आणि आठवतील तेवढी नावे लिहून घ्यावीत: माहेरची, सासरची, मळ्याची, गावाची. पितृपक्ष यायची वाट पाहू नये, कारण त्या वयाच्या माणसांना उद्याचा भरवसा देता येत नाही.