लोखंड खाणारी देवघेव

खांदेश्वरहून मुंबईला जाणारी लोकल वाशीनंतर ठाण्याची खाडी ओलांडते. तेव्हा थोड्या अंतरावर रस्त्याचे पूल दिसतात. त्यांतला पहिला पूल १९७३ साली खुला झाला. त्याच्या काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी तारा पुढे गंजल्या. १९९७ मध्ये शेजारी नवा पूल उभा राहिला.

एवढ्या मजबूत पोलादाला हरवलं कोणी? इवल्याशा इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीनं! ओल लागली की लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते घेतो. यातून तांबूस गंज तयार होतो. खाऱ्या पाण्यातून विद्युतभारित कण सहज ये-जा करतात, म्हणून खाडीकाठी हे काम झपाट्यानं चालतं. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. मग काँक्रीटलाही आतून तडे जातात.

यावर एक उपाय म्हणजे जस्त! ते लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन देतं. स्वतः झिजतं, पण लोखंडाला वाचवतं. म्हणून तर पत्र्याच्या बादलीवर जस्ताचा मुलामा असतो.

करून पाहा : दोन ग्लासांत मिठाचं पाणी घ्या. एकात साधा लोखंडी खिळा टाका. दुसऱ्यात तसाच खिळा टाका, पण त्याला जस्ताचा मुलामा असलेली तार घट्ट गुंडाळा. आठ दिवस रोज निरीक्षण लिहा. कोणता खिळा आधी तांबूस होतो?

आणि हो, खिडकीच्या ग्रिलचा रंग उडालेला दिसला, तर आईबाबांना लगेच सांगा. गंजाचा डाग छोटा असला तरी भूक मोठी असते, बरं का!