वाय-फायलाही कडी हवी

आमच्या हिरकणीवाडीच्या माथ्यावर रायगडाचा हिरकणी बुरूज आहे. दरवाजे बंद असताना हिरकणी ज्या कड्यावरून उतरली, तिथेच बुरूज बांधला, असे सांगतात. घरच्या वाय-फायचाही असा एखादा कडा उघडा राहतो.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद स्फोटांच्या आधी धमकीचा ई-मेल गेला, तो सानपाड्यातील एका रहिवाशाच्या उघड्या वाय-फायवरून. पाठवणारा दुसराच, पोलीस मात्र आधी त्या रहिवाशाच्या दारी आले.

म्हणून आपण राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड बदलू या. डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडू या. वाय-फायचा पासवर्ड लांब ठेवू या. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क देऊ या. शेजारच्या मुलाला अभ्यासापुरते इंटरनेट जरूर द्यावे. चावी आपल्याच हाती असावी.