सल्ला कोणत्या पावसातला?

कामशेतहून नाणे मावळात शिरलं की कुंडली नदीवरचं वडिवळे धरण लागतं. पाणी, मागे डोंगर, भाताची खाचरं. इथे जागा घेऊन घर बांधणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसांच्या मनात पहिली इच्छा येते ती विषमुक्त भाजी पिकवण्याची. ती इच्छा मला फार मोलाची वाटते. म्हणूनच ती पहिल्याच पावसाळ्यात कुजून गेलेली बघवत नाही. बहुतेक वेळा कष्ट कमी पडलेले नसतात. सल्ला दुसऱ्याच मातीतला असतो, एवढंच.

सगळ्यांत मोठा गैरसमज मुहूर्ताचा. ‘पहिला पाऊस पडला की बी टाकायचं’ हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात चार हजारांच्या पुढे. वडिवळे या दोन टोकांच्या मधलं, पण ओढा डोंगराकडे. जुलैत इथे आठवडे-आठवडे ऊन दिसत नाही. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो यांच्या मुळांना हवा लागते. पाणी तुंबलं की रोपं बुंध्याशी कुजून कोलमडतात, पानं पिवळी पडतात, आणि नवखा माणूस ‘खत कमी पडलं’ म्हणून आणखी खत घालतो. पावसाळा हा इथे मांडवाचा हंगाम आहे. दोडका, काकडी, पडवळ, भोपळा मांडवावर चढवावेत. अळवाला ओल मानवते. हळद आणि आलं मात्र वीतभर उंच गादीवाफ्यावर लावावं, म्हणजे कंद पाण्यात बसत नाहीत. पालेभाज्या, मुळा, वांगी, टोमॅटो यांची खरी सुरुवात नवरात्राच्या आसपास, पाऊस ओसरल्यावर. मावळातला शेतकरी भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा, मसूर घेतो. त्याच्या या क्रमातच अर्धा सल्ला आहे. पहिली बाग ऑक्टोबरात धरावी, जूनमध्ये नव्हे.

दुसरा गैरसमज खताचा: शेणखत जितकं जास्त तितकं चांगलं, आणि ते पावसाआधी एकदम घालून टाकायचं. इथला पाऊस मातीतलं नत्र, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो. त्यामुळे माती आम्लाकडे झुकते. मे महिन्यात उघड्या वाफ्यावर ओतलेल्या खताचा बराचसा कस जुलैत ओढ्याने धरणाकडे जातो आणि तिथे शेवाळाला पोसतो. सेंद्रिय खताने पाणी बिघडतच नाही, हे खरं नाही. खत थोडं थोडं, हप्त्यांनी द्यावं आणि माती पालापाचोळ्याने, पेंढ्याने कायम झाकलेली ठेवावी.

खत पूर्ण कुजलेलंही हवं. ताजं शेण कुजताना तापतं, कोवळी मुळं भाजतात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या वाफ्यात येतात आणि जमिनीखाली मुळं कुरतडत राहतात. वरून रोप नुसतं सुकलेलं दिसतं. चांगलं खत काळसर, भुसभुशीत असतं. हातात घेतलं तर त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो, शेणाचा येत नाही.

राखेचं उदाहरण मी मुद्दाम देतो. चुलीतली राख अल्कधर्मी असते आणि तिच्यात पालाश असतं. मावळातल्या आम्लाकडे झुकणाऱ्या मातीत ती मूठ-मूठ दिली तर फायदाच होतो. तीच राख पूर्वेकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत घातली, तर आधीच चढलेला सामू आणखी चढतो आणि झाडाला लोह मिळेनासं होतं. मूठ तीच, राख तीच, परिणाम उलटा. मग ‘राख चांगली की वाईट?’ या प्रश्नाला माती न विचारता उत्तर देणाऱ्याचं किती ऐकायचं?

जीवामृताबद्दल लोक भांडतात, म्हणून थोडं आकड्यांत बोलू. सुभाष पाळेकरांनी घरोघरी पोचवलेली कृती अशी: २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे एकरभराला पुरतं. या सगळ्यात मिळून नत्र असतं फार तर पाव किलोच्या आसपास. एकरभर भाताची गरज त्याच्या कितीतरी पट. म्हणजे जीवामृत हे खत नव्हे, विरजण आहे. पाळेकरही त्याला जिवाणूंचं विरजणच म्हणतात आणि सोबत आच्छादन सांगतात. दूधच नसेल तर विरजण कशाला लावणार? आधी मातीत पालापाचोळा, मग जीवामृत.

ते दूध मावळात बांधावरच उगवतं. गिरिपुष्पाच्या कोवळ्या पाल्यात भरपूर नत्र असतं. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीतलं एक सूत्रच गिरिपुष्पाचा पाला चिखलात दाबण्याचं आहे. कुंपणाला फांद्या रोवल्या तरी त्या फुटतात. याच झाडाचं दुसरं नाव उंदीरमारी. त्याची साल आणि बिया उंदरांना मारायला वापरत आले आहेत.

हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण ‘वनस्पतीचं औषध निरुपद्रवीच असतं’ हा समज धोक्याचा आहे. तंबाखूच्या काढ्यातलं निकोटीन कातडीतून अंगात भिनतं. शिवाय त्या काढ्यातून टोमॅटो-मिरचीला मोझॅकचा विषाणू लागू शकतो. घरच्या बागेला निंबोळी अर्क बरा. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून गाळावी आणि उन्हं कलल्यावर फवारावी, कारण उन्हात त्यातला गुण लवकर जातो. किडे लगेच मरून पडत नाहीत. त्यांचं खाणं आणि वाढ मंदावते. मुसळधार पावसाआधी मात्र फवारू नका, सगळं धुऊन जाईल.

घरच्या खतासाठी ठेवलेल्या ओल्या कचऱ्याच्या पिंपाला वास येतो, तेव्हा त्यात कोरडा पाला कमी पडलेला असतो. एक वाटा ओलं, दोन-तीन वाटे सुकं, एवढं पाळलं की वास जातो. विकत आणलेली गांडुळं वाफ्यात सोडण्याचाही उपयोग नाही. ती कुजत्या कचऱ्यात राहणारी असतात, मातीतली नव्हेत. आच्छादन ठेवलं की मातीतली आपोआप येतात.

मग विचारायचं कोणाला? वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातूनच १९८७ साली इंद्रायणी तांदूळ बाहेर आला. या पावसाची आणि या मातीची जाण तिथे आहे. तालुका कृषी कार्यालयही वडगावलाच. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या विनाशुल्क क्रमांकावर मराठीत बोलता येतं. आणि वडिवळ्यातच जिच्या परसात दरवर्षी मांडव असतो, अशा एखाद्या मावशीला विचारावं. नुसतं ‘काय लावू’ म्हणू नये. ‘मावशी, दोडक्याचं बी कधी टाकता? वाफा किती उंच करता? गेल्या साली काय कुजलं?’ असं विचारावं.

कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो याच वाटेने. आपल्या रानात प्रयोग करायचा, मोजायचं, लिहून ठेवायचं आणि दुसऱ्याला सांगायचं. द्राक्षबागायतदार त्यातून एकमेकांचे शिक्षक झाले. परसबागेला हीच रीत लागू पडते. दोन सारखे वाफे करा, एकाला आच्छादन द्या, एकाला नको. तारीख, पाऊस, किती रोपं जगली आणि किती किलो भाजी निघाली ते वहीत उतरवा.

माती परीक्षण मात्र उन्हाळ्यातच उरकावं, खत घालण्याआधी. जागेत पाच-सहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यावा. त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात जमवावी. खतांच्या गोणीवर ती वाळत घालू नये, सावलीत कागदावर पसरावी. मग सगळी मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. ती पिशवी घेऊन कार्यालयात गेलात, की ‘माझी जागा वडिवळ्याला, उतारावर आहे, पाणी या बाजूने वाहतं’ एवढंही सांगा.