नांगर : शेतातला आणि खाडीतला

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

एका कविसंमेलनात मी एक कविता वाचली. तिच्यात 'नांगर' हा शब्द तीनदा आला होता. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर शेतकरी जवळ आले आणि म्हणाले, "कवीराज, तुमचा नांगर शेतातला की होडीतला? बैल कुठे दिसले नाहीत, म्हणून विचारतो." मी हसून म्हटलं, "होडीतला." त्यावर ते म्हणाले, "मग तसं सांगा की! आम्ही उगाच पावसाची वाट पाहत बसलो."

त्यांची काही चूक नव्हती. मराठीत जमीन कसण्याच्या अवजाराला नांगर म्हणतात आणि होडी थांबवण्याच्या लोखंडालाही नांगरच म्हणतात. पहिला शब्द संस्कृत 'लांगल'वरून आला, दुसरा फारसी 'लंगर'वरून आला असं मानतात. दोन वाटांनी आलेले शब्द आपल्या किनाऱ्यावर येऊन एक झाले. गंमत पुढेच आहे. जी. आय. टेलर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये छोट्या शिडाच्या होड्यांसाठी एक नवा नांगर तयार केला. टेलर हे द्रवांच्या प्रवाहाचा अभ्यास करणारे मोठे शास्त्रज्ञ, पण स्वतःची होडी हाकारण्याचा त्यांना भारी शौक. त्यांनी केलेल्या नांगराचा आकार होता शेतातल्या नांगराच्या फाळासारखा! आजही जगभरच्या शिडाच्या होड्यांवर त्या घराण्याचे नांगर दिसतात. मराठी भाषेने जे आधीच जोडून ठेवलं होतं, ते त्यांनी लोखंडात जोडलं.

तुम्ही म्हणाल, ठाणे-डोंबिवलीच्या लोकल प्रवाशांना होडीच्या नांगराचं काय? पण आपण राहतो ते खाडीच्या काठी. उल्हास नदी कल्याण-डोंबिवलीला वळसा घालून ठाण्याकडे येते. तिची मुख्य धार घोडबंदरवरून वसईकडे जाते आणि एक अरुंद वाट ठाण्याच्या खाडीतून मुंबई बंदराला मिळते. कल्याणचं बंदर दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत इथल्या व्यापाऱ्यांच्या दानांच्या नोंदी आहेत. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी आपल्या आरमाराची सुरुवात याच खाडीत केली. पुढे त्या आरमारात दौलतखानासारखे सरदार नावारूपाला आले. माझा आजा खलाशी होता. तेव्हा नांगर हा आमच्या घरातला शब्द आहे. पण शब्द येणं वेगळं आणि वस्तू वापरता येणं वेगळं, हे मला उशिरा कळलं.

माझा भाचा डोंबिवलीला राहतो, इंजिनीयर आहे. काही वर्षांपूर्वी त्याने एका हौशी माणसाकडून एकवीस फुटी जुनी शिडाची होडी, म्हणजे यॉट, विकत घेतली. दुरुस्तीनंतर डोलकाठी आडवी करून, मागे छोटं इंजिन लावून आम्ही ती डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीत चालवून पाहत होतो. ओहोटी जोरात होती. आमचे कोळी बांधव तिला सुकती म्हणतात. अचानक इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं. पंख्यात प्लास्टिकची पिशवी अडकली होती. होडी प्रवाहाबरोबर खाली निघाली आणि समोर पुलाचे खांब दिसू लागले.

"मामू, नांगर!" भाचा ओरडला.

नांगर मीच ठेवला होता. चांगला 'व्यवस्थित' ठेवला होता. पुढच्या फळीखालच्या कप्प्यात सर्वांत तळाशी, त्यावर जीवरक्षक जाकिटं, त्यावर पाण्याचा कॅन आणि त्यावर जेवणाचा डबा. शिवाय आवाज होऊ नये म्हणून सुतळीने बांधलेला. मी डबा काढला, कॅन काढला, सुतळीच्या गाठी सोडवू लागलो. गाठी ओल्या झाल्या होत्या. शेवटी भाच्याने सुरीने सुतळी कापली आणि नांगर पाण्यात टाकला. दोर होता तेवढा सोडला. तो होता पंधरा मीटर. नांगर तळाला लागला, दोर ताणला, आणि होडी तशीच खाली सरकत राहिली. नांगर घसरत होता. खांब तीस-चाळीस हातांवर आला तेव्हा एका कोळ्याने आपली होडी आडवी घालून आम्हाला दोर फेकला. दोर पकडताना माझ्या तळहाताची कातडी निघाली, एवढ्यावरच निभावलं. काठाला लागल्यावर तो शांतपणे म्हणाला, "चाचा, नांगर चांगला आहे. पण दोर विहिरीचा आणलात."

त्या वाक्याने मी शिकायला बसलो. जे कळलं ते तीन भागांत सांगतो.

पहिला प्रश्न, नांगर कोणता? बहुतेकांना वाटतं की नांगर वजनाने होडी धरतो. फार जुन्या काळी हे काही अंशी खरं होतं. अरबी समुद्रात आपल्या किनाऱ्यालगत, विजयदुर्गासारख्या ठिकाणी, दगडी नांगर सापडले आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास केला आहे. लांबट दगड, वर दोर ओवायला भोक आणि खाली लाकडी दात बसवायला भोकं. म्हणजे तेव्हाही नुसतं वजन पुरत नाही, दात हवेत, हे माणसाला ठाऊक होतं. आजचा नांगर धरतो तो तळात घुसून. म्हणून तळ कसा आहे, हे आधी पाहायचं. आपल्या खाडीत गाळ आणि चिखल आहे. तिथे रुंद, चपट्या पात्यांचा नांगर चांगला, कारण पात्याचं क्षेत्रफळ जितकं मोठं तितका मऊ गाळ अधिक अडवतो. अमेरिकेतल्या डॅनफोर्थ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोकप्रिय केलेला हलका नांगर याच जातीचा. टेलर यांचा फाळासारखा नांगर वाळूत आणि घट्ट चिखलात चांगला बसतो. कोकणात कातळाचा तळ असेल तर तिथे पाती घुसणारच नाहीत. तिथे चार नख्यांचा नांगर खडकाच्या भेगेत अडकवतात. तो अडकला की निघता निघत नाही, म्हणून त्याच्या बुडाला वेगळा बारीक दोर आणि तरंगता डबा बांधतात. त्या दोराने उलट बाजूने ओढलं की नख्या सुटतात. खाडीत जुने खुंट आणि तुटकी जाळी बुडालेली असतात, तिथेही हा डबा कामाला येतो.

छोट्या होडीवर एकच नांगर असू नये. एक रोजचा, दुसरा वेगळ्या जातीचा. एकवीस फुटी होडीला पाच-सात किलोचा चांगला नांगर पुरतो.

दुसरा प्रश्न, दोर किती? इथेच आम्ही चुकलो होतो. शेतकऱ्याला हे लगेच समजेल. नांगर आडवा ओढला तर फाळ जमिनीत राहतो, वर उचलला तर उपटतो. होडीचंही तसंच. दोर आखूड असला की तो उभा ओढतो आणि नांगर उपटतो. लांब असला की जवळजवळ आडवा ओढतो आणि पाती आणखी खोल जातात. म्हणून नांगराजवळ पाच-दहा मीटर लोखंडी साखळी लावतात. ती तळावर पडून राहते आणि ओढ आडवी ठेवते. पुढे नायलॉनचा दोर, कारण तो ताणतो आणि लाटेचा हिसका पचवतो. तरंगणारा प्लास्टिकचा दोर यासाठी घेऊ नये.

हिशेब असा. पाण्याची खोली अधिक होडीच्या नाळेची पाण्यावरची उंची, याच्या सातपट दोर. सगळी साखळीच असेल तर पाचपट. पण आपल्याकडे उधाणाला पाणी चार मीटर आणि त्याहून अधिक चढतं. समजा ओहोटीला तीन मीटर पाणी आहे आणि नाळ एक मीटर उंच आहे. चार साती अठ्ठावीस मीटर दोर सोडून तुम्ही झोपलात. मध्यरात्री भरतीने चार मीटर पाणी चढलं. आता उंची आठ मीटर झाली आणि तुमचा दोर सातपटीवरून साडेतीन पटीवर आला. नांगर घसरणार तो नेमका तुम्ही झोपेत असताना. म्हणून हिशेब पूर्ण भरतीचा करायचा, आठ साती छप्पन्न मीटर. तेवढ्या लांबीने होडी गोल फिरेल, म्हणून आजूबाजूला तेवढी जागाही हवी. खाडीत भरती-ओहोटीबरोबर प्रवाह उलटतो, होडी फिरते आणि नांगरावरची ओढ उलट बाजूने येते. त्या वेळी तो उखडून पुन्हा बसतो की नाही, हे जागं राहून पाहावं लागतं. काठावरचं एक झाड आणि त्यामागची एखादी इमारत एका रेषेत धरून ठेवा. रेषा मोडली की समजा, नांगर सुटला.

तिसरा प्रश्न, नांगर ठेवायचा कुठे? इथे दोन गरजा एकमेकींशी भांडतात. हाताशी हवा म्हणून नाळेवर ठेवावा, तर पुढे वजन वाढून होडी लाटेत नाक खुपसते. खाली मध्यभागी ठेवावा, तर संकटात मिळत नाही. अनुभवी लोक तडजोड करतात. खाडीत, बंदरात, किनाऱ्याजवळ रोजचा नांगर नाळेवरच्या रुळावर तयार ठेवायचा. तो एका खिळीने आणि एका दोरीने पक्का करायचा, पण ती गाठ एका हिसक्याने सुटणारी हवी. साखळी खालच्या कप्प्यात, जमेल तितकी मागे आणि तळाशी, आणि तिच्यावर काहीही ठेवायचं नाही. दुसरा जड नांगर होडीच्या मध्यभागी तळाला घट्ट बांधायचा, म्हणजे होडी कलली तरी तो सुटून लोकांच्या पायावर येणार नाही. लांब समुद्रप्रवासात नाळेवरचाही नांगर काढून आत घेतात. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तशा प्रवासात आठवडेच्या आठवडे नांगर पोचेल असा तळच नसतो.

आणखी दोन बारीक गोष्टी. साखळी आणि नांगर जोडणाऱ्या कडीची खिळ तारेने बांधून ठेवायची, नाहीतर ती फिरून फिरून सुटते. आणि दोराचं शेवटचं टोक होडीला बांधलेलं आहे ना, ते आधी पाहायचं. उत्साहाने नांगर टाकून त्यामागे सगळा दोर पाण्यात जाताना पाहिलेले लोक माझ्या ओळखीचे आहेत.

भाच्याने आता साठ मीटर नायलॉनचा दोर घेतला आहे. त्यावर दर पाच मीटरला रंगीत चिंधी बांधली आहे, म्हणजे अंधारातही किती दोर गेला ते हाताला कळतं. नांगर नाळेवर असतो. जेवणाचा डबा मागे असतो. निघण्यापूर्वी तो मला एकच काम सांगतो, "मामू, डोळे मिटून नांगर सोडून दाखवा." मी खिळ काढतो, दोरीला हिसका देतो, नांगर सुटतो. मग तो इंजिन सुरू करतो.